डोळे मिटून ऐकताना



शाळेच्या स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर सांभाळणारा आपला वर्गमित्र दिवाळीत धुळ्याहून जळगावला माझ्या घरी आला. मी नवा ॲम्प्लिफायर आणि महागडी स्पीकर वायर कौतुकाने दाखवली. तो म्हणाला, "डोळे मीट भो, मग सांग."

मल्टिमीटर लावून त्याने नव्या-जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज सारखा केला आणि १० वेळा अदलाबदल केली. माझी ५ उत्तरं चुकली, नाणं उडवल्यासारखंच! वायरचंही तेच. १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, १० मीटर अंतर, जाऊन-येऊन रोध पाव ओहमहून कमी. स्पीकर ८ ओहमचा.

जुना ॲम्प्लिफायर वडिलांचा. मी तो भंगारात देणार होतो. आता रोज त्यावरच गाणी ऐकतो. मित्रा, सर्वांसमोर तुझे आभार.