चित्राखाली नाव कुणाचे?

मागच्या आठ मार्चला आम्ही बचत गटाच्या बायकांनी कल्याण तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. पापडाच्या स्टॉलशेजारी चार चित्रे लावू, एवढेच आधी ठरले होते.

वारली चित्र तुमच्या ओळखीचे आहे. आता ते साडीवर असते, कपावर असते. मूळ मात्र ते लग्नघरातले. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघट देवी काढायची. हे काम सवाष्णींचे. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरीही बाईच. १९७०च्या दशकात ही कला कागदावर आली आणि गाजली ती डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांच्या नावाने. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्यांपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येते का?

म्हणून आम्ही नियम केला: चित्राखाली काढणारीने स्वतःच्या हाताने नाव लिहायचे.

आणि वाद सुरू झाला. पाड्यावरच्या एका ताईने चौक काढून आणला होता. तिचा नवरा वारलेला. गावातली जाणती माणसे म्हणाली, विधवेच्या हातचा चौक लावू नका, अपशकुन होईल. आम्ही गप्पच बसलो, खोटे कशाला सांगू? शेवटी तिच्याच पाड्यावरची म्हातारी आजी म्हणाली, "लग्नात नाही लिहीत ना ती? मग कागदावर कोण अडवतो?" चौक लागला, नावासकट.

दुसरे चित्र एका सुनेचे. चूल, हंडा, कडेवर मूल, आणि मागे काठी धरलेला एक हात. सासूबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, चित्रासमोर उभ्या राहिल्या. संध्याकाळी सुनेने चित्र उतरवून घरी नेले.

आमच्यातल्या काही म्हणतात, नाव झाकून तरी ठेवायचे होते. पण एवढ्याशा गावात कुणाचा हात ते कळतेच, आणि रात्री त्या घरी झोपायचे तिला होते, आम्हाला नाही. लावण्याआधी तिच्याशी नीट बोलायला हवे होते. ते आमचे चुकले. यंदा आम्ही प्रत्येकीला एकटीला विचारतो: लावायचे का, कुठे लावायचे, कोण बघायला येणार आहे?

तिने यंदा दोन कागद जास्त नेले आहेत.