उन्माद आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘साहित्यातील उन्माद’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी काही पंडिता नाही. तेव्हा आपल्या पुण्यातल्याच एका गोष्टीवरून बोलते.

१७९१ च्या ऑगस्टात घाशीराम कोतवालाच्या अंमलात तेलंग ब्राह्मणांना पकडून कोंडून ठेवले. त्यांतले २१ जण गुदमरून मेले. शहर खवळले, नाना फडणविसांच्या दारी जमाव लोटला. अखेर घाशीराम त्या जमावाच्या हाती पडला आणि ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेले ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यातच रंगभूमीवर आले. त्यातल्या इतिहासावरून पुष्कळ वाद झाला. तो इथे नको. माझ्या मनात राहिली ती त्यातली माणसांची भिंत. ओळीने उभी असलेली तीच माणसे भजन म्हणतात, तीच नाचतात आणि शेवटी तीच घाशीरामाचे रक्त मागतात. नाटक पाहून परतताना मी म्हणाले होते, “काय बाई ही माणसे!”

पुढे एका सकाळी आमच्या बोळात सायकलचोर म्हणून एका पोराला लोकांनी धरले. मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. “चांगला हाणा मेल्याला!” हे शब्द माझ्याच तोंडचे. मागाहून कळले, सायकल त्याच्या मामाची होती. सुपातले तांदूळ तसेच राहिले. त्या भिंतीत मीही उभी होते.

मग गर्दी वाईटच का? दरवर्षी आपल्या पुण्यात पालख्या येतात. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात. रुसवे-रागवे तिथेही असतातच. पण ते ऐकणारे कोणी असते, म्हणून हात उठत नाही.

बोळात चोपदार कुठून आणायचा? आपल्यापैकीच एकीने खाली उतरून म्हणावे, “थांबा, आधी त्याचे ऐकू.” त्या दिवशी मी उतरले नाही. पुन्हा तशी वेळ आली तर उतरणार आहे. एकटीला भीती वाटेल. तुम्ही सोबत या, एवढेच मागणे.