अग्निगोल दिसला तर…



2022 च्या गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते?
विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेनं गेले.
अनेकांना वाटलं, उल्काच!
मग चंद्रपूर जिल्ह्यात, लाडबोरी गावात, धातूचं भलंमोठं कडं सापडलं.
ते गोळे होते रॉकेटचे अवशेष.

खरा अग्निगोल म्हणजे शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्का…
आणि भलतीच घाईत.
बहुधा काही सेकंदांत खेळ खलास!
रॉकेटचे तुकडे मात्र रमतगमत जातात.

म्हणून अग्निगोल दिसला, की आधी घड्याळ बघा.
मग दिशा.
कुठल्या टाकीवर दिसला, कुठल्या झाडामागे विझला, टिपून ठेवा.
मोबाइलच्या नादी लागू नका, तोवर तो गेलेला असतो.

पुन्हा सांगतो… वेळ आणि दिशा.
दूरदूरच्या दोन गावांतून अशी नोंद मिळाली, तर उल्केचा मार्ग काढता येतो.

नंतर गडगडाट ऐकू आला, तर तीही वेळ लिहा.
आवाज प्रकाशाच्या मागून, कधी मिनिटभरानंही पोहोचतो.