खाण बंद होते, दुखणं मागाहून येतं
(कार्यकर्ता शिबिरात आरोग्य गटानं केलेलं भाषण)



आज आम्ही एका आजाराबद्दल बोलणार आहोत. नाव अवघड आहे : मेसोथेलिओमा. हा क्वचित होणारा कॅन्सर. मग एवढ्या सगळ्यांना बसवून तो कशाला सांगायचा? कारण त्याचं मूळ खाणीत आहे, आणि खाणी येतात त्या आपल्यासारख्यांच्या डोंगरावर.

झारखंडात चाईबासाजवळ रोरोचे डोंगर आहेत. पायथ्याला हो आदिवासींची गावं. तिथं ॲस्बेस्टॉसची खाण होती. १९८३ साली ती बंद झाली. खाणवाले गेले, भुग्याचे ढीग मात्र डोंगरावर उघडे राहिले. पावसात भुगा खाली शेतात, ओढ्यात उतरत राहिला. पोरं त्या ढिगांवर खेळली.

ॲस्बेस्टॉस हा तंतूंचा दगड. कापसासारखा पिंजता येतो, पण जळत नाही. म्हणून सिमेंटच्या पत्र्यात, पाइपात, गाडीच्या ब्रेकमध्ये घालतात. फोडला, कापला की तंतू उडतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेलेला तंतू कुजत नाही, विरघळत नाही. काही तंतू फुफ्फुसावरच्या पातळ पापुद्र्यापर्यंत पोचतात, आणि वीस ते पन्नास वर्षांनी तिथं कॅन्सर होतो. कधी पोटातल्या पापुद्र्यालाही होतो.

खाणीत उतरलेल्यालाच होतो असं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९६० साली ३३ रोगी नोंदवले. त्यांत घर सांभाळणाऱ्या बाया होत्या, गुराखी होते, शेतकरी होते. कित्येकजण लहानपणी खाणीजवळ राहिले होते, एवढंच. नवऱ्याचे धुळीचे कपडे धुऊनही बायकांना हा आजार झालेला आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बिडीनं होत नाही. पण ही धूळ आणि बिडी एकत्र आली, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो.

ओळखायचा कसा? दम लागतो, छातीत एका बाजूला दुखतं, वजन उतरतं, छातीत पाणी होतं. आपल्याकडं छातीत पाणी म्हटलं की टीबी. पुष्कळदा तो टीबीच असतो, म्हणून टीबीच्या गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत. पण गोळ्या घेऊनही उतार नाही, पाणी काढलं तरी पुन्हा भरतं, असं झालं तर डॉक्टरला आपणहून सांगायचं : हा माणूस अमुक साली पत्र्याच्या कारखान्यात होता, खाणीवर होता. डॉक्टर विचारेल याची वाट बघू नका. एक्स-रे, सीटी स्कॅन करतात, पण खात्री होते ती तुकडा काढून तपासल्यावर.

इलाजाचं खरं सांगतो. बहुतेकांना पूर्ण बरं करणारा इलाज नाही. आजार लवकर सापडला, अंगात ताकद असली, तर थोड्यांचं ऑपरेशन करतात. सलाईनमधून सिस्प्लाटिन आणि पेमेट्रेक्सेड ही औषधं देतात. २००३ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत एकट्या सिस्प्लाटिनवर रोगी साधारण नऊ महिने जगले, दोन्ही मिळून बारा महिने. म्हणून ‘हमखास बरा करतो’ म्हणणाऱ्यापायी जमीन गहाण टाकू नका, बैल विकू नका. आधी सरकारी दवाखान्यात, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात विचारा. छातीतलं पाणी काढता येतं, ते पुन्हा भरू नये म्हणून आत औषधी पावडर सोडतात, दुखण्यावर मॉर्फिन असतं. दुखणं कमी करणं हाही इलाजच आहे. तो मागून घ्या.

आता पुराव्याचं. वनहक्काचा दावा भरताना आपण काय केलं? म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या शोधल्या. या आजारालाही तसाच पुरावा लागतो, तोही चाळीस वर्षांपूर्वीचा. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं की ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्याची नोंद, काम सुरू झाल्यापासून निदान चाळीस वर्षं ठेवा. आजार झालेल्यांना एक लाख रुपये भरपाईही सांगितली. पण मुकादमाबरोबर गेलेल्याचं नाव मस्टरवर कुठं असतं?

म्हणून वही आपणच ठेवू. गावात परत आलेल्या प्रत्येकाला विचारा : कुठं गेला होतास, कोणत्या साली, काय काम केलंस, मुकादम कोण, बरोबर कोण होतं. पत्रे कापणं, जुन्या इमारती पाडणं, सगळं लिहा. बायांची नावंही लिहा. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा.

आश्रमशाळेवर, घरावर सिमेंटचा पत्रा असेल तर घाबरून तो फोडू नका. धड पत्र्यापेक्षा फुटलेला वाईट. त्याला भोकं पाडू नका, तुकडे कोरडे झाडू नका, आधी पाणी मारा. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत.

आणि उद्या कुठलीही खाण ग्रामसभेपुढं आली, तर नोकऱ्या किती हे नंतर विचारा. आधी विचारा, जाताना ढीग कोण झाकणार, आणि चाळीस वर्षांनी आमचं पोर खोकलं तर कुणाच्या दारात जायचं? उत्तर कागदावर घ्या. तोंडी उत्तराला आपण आजवर पुष्कळ भुललो.

जिंदाबाद.