अंग दुखतंय, मग आज व्यायाम?

गेल्या महिन्यात एका रविवारी बऱ्याच वर्षांनी सिंहगड चढलो. चढताना धाप लागली, पण पाय भरून आले ते उतरल्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. तंतूंना बारीक इजा होते. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं. (लॅक्टिक आम्लाला उगाच दोष देतात, ते तासाभरात ओसरतं.) मंगळवारी जिना उतरवेना. पण दुखतंय म्हणून सोडलेला व्यायाम माझा कायमचाच सुटतो! तेव्हा सपाटीवर २० मिनिटं सावकाश चाललो; पाय मोकळे झाले. बैठका मात्र शुक्रवारपर्यंत बंद. एकाच सांध्यात कळ किंवा सूज असती, तर चाललोही नसतो. आणि लघवी चहासारखी गडद झाली असती, तर तडक डॉक्टरांकडे. तिथे मूत्रपिंडाचा प्रश्न असतो.