दगडाची धूळ

नव्या घरांत स्वयंपाकघराच्या ओट्याचें काम चालू असतें. फरशीवाला ग्रॅनाइटची शिळा दाराबाहेर टेकवून तिच्यावर विजेची करवत चालवितो आणि क्षणार्धांत पांढऱ्या धुळीचा लोट जिन्यांत शिरतो. हा देखावा श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. घरची मंडळी दारें-खिडक्या लावून घेतात, सामानावर चादरी पसरतात. धूळ बसली, केर काढला, म्हणजे प्रकरण मिटलें असा सर्वांचा समज. करवत धरणाऱ्या माणसापुरतें मात्र तें तेथें मिटत नाहीं.

केरसुणीनें निघते ती धूळ जाड असते. तिचा बराचसा भाग नाकांत व घशांतच अडतो. घातक कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनहि बारीक असतात. ते डोळ्यांना दिसत नाहींत, हवेंत तासन्‌तास तरंगतात आणि फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत पोहोंचतात. सर्वच दगड सारखे दोषी नव्हेत. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत मोकळी सिलिका, म्हणजे गारेचा अंश, फार थोडा. ग्रॅनाइट, वालुकाश्म व गारगोटी यांत तो भरपूर. शरीराच्या रक्षक पेशी हे कण गिळावयास जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागीं व्रण धरतो, व स्पंजासारखें मऊ फुफ्फुस गांठीगांठींनीं कठीण होत जातें. या व्याधीचें नांव सिलिकोसिस. ती बहुधा दहा-वीस वर्षांनीं प्रकट होते. धूळ फार असेल तर कांहीं महिन्यांतहि. अशा फुफ्फुसांत क्षय सहज घर करतो, आणि मग कित्येकदां खऱ्या रोगाचें नांवहि निघत नाहीं. ती बरी करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. म्हणून येथें वैद्याहून नियमाची मातबरी अधिक.

तो नियम कसा असावा, हें अमेरिकेंतील एका बोगद्यानें फार मोठी किंमत घेऊन शिकविलें. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत हॉक्स नेस्ट येथें नदीचें पाणी वीजगृहाकडे वळविण्यासाठीं १९३० सालीं डोंगर पोखरण्यास सुरुवात झाली. मंदीचे दिवस होते. मिळेल तें काम माणसें पत्करीत. सुमारें तीन हजार मजूर बोगद्याच्या आंत राबले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. तेथील दगडांत सिलिकेचा अंश इतका मोठा, कीं धातूच्या कारखान्याला तो उपयोगी पडावा म्हणून बोगद्याचा कांहीं भाग मुद्दाम रुंद करण्यांत आला. भोंक पाडतांना यंत्रांतून पाणी सोडलें म्हणजे धुळीचा चिखल होऊन ती खालीं पडते, ही युक्ति तेव्हां नवी नव्हती. पण पाण्यानें काम मंदावतें. कोरडींच भोंकें पाडलीं जात, आणि पाळी संपवून बाहेर येणाऱ्यांत काळा कोण व गोरा कोण हें ओळखूं येत नसे, अशा साक्षी १९३६ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढें झाल्या. पुष्कळ मजूर आपापल्या गांवीं परतून मेले, त्यामुळें नेमकी गणती कधींच झाली नाहीं. डॉ. मार्टिन चर्निअॅक यांनीं १९८६ सालीं मांडलेला मृतांचा अंदाज ७६४ आहे.

त्या साक्षींनंतर ऐंशीं वर्षांनीं, २०१६ सालीं, त्या देशानें सिलिकेसाठीं स्वतंत्र, सविस्तर नियम केला. आठ तासांच्या सरासरीनें एका घनमीटर हवेंत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक सिलिका नसावी. कष्टाचें काम करणारा माणूस एका पाळींत सुमारें दहा घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभरांत अर्धा मिलिग्रॅम, मिठाच्या आठ-दहा कणांच्या वजनाएवढी, इतकीच मोकळीक.

नियमाचें मर्म मात्र या आंकड्यांत नसून क्रमांत आहे. आधीं धूळ उठूंच द्यावयाची नाहीं: पात्यावर पाण्याची अखंड धार, अथवा पात्याभोंवतीं आच्छादन बसवून धूळ जागच्या जागीं ओढून घेणारें यंत्र. मुखवटा त्यानंतर, एवढ्यानें भागत नसेल तेथें. हातांतील करवत पाण्याच्या धारेसह उघड्यावर चार तासांपर्यंत चालविल्यास मुखवट्याची सक्ति नाहीं. तीच बंद जागेंत चालविली तर पहिल्या मिनिटापासून आहे. ओलें करून झाडणें शक्य असतां कोरडा केर काढणें निषिद्ध. पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा दिसतो. तोंडाला फडकें बांधलें कीं बंदोबस्त झाला! फडक्यांतून हे कण चाळणींतून पीठ जावें तसे जातात, आणि चांगला मुखवटाहि दाढीच्या खुंटांवर घट्ट बसत नाहीं. मुखवट्याचा जाच कामगाराच्या तोंडाला, पाण्याचा व यंत्राचा खर्च मालकाच्या खिशाला. त्यांतून काय निवडलें जातें हें उघड आहे.

भारतांत १९४८ च्या कारखाने कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला. परंतु तो कायदा कारखान्यांपुरता होता. जिन्यांतल्या फरशीवाल्याला ना हजेरीपट, ना क्ष-किरण तपासणी.

अलीकडे कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे आले आहेत. गारेचा चुरा राळेंत दाबून केलेल्या या शिळांत सिलिका शेंकडा नव्वदांच्याहि वर जाऊं शकते. त्या कापणारे तरुण कारागीर आजारी पडूं लागले, तेव्हां ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून अशा शिळा बनविणें, विकणें व बसविणें सर्वच बंद केलें. तेथें नुसत्या पाण्याच्या धारेवर विसंबणें पुरेसें वाटलें नाहीं.

येथील दुकानांत त्या रंग पाहून निवडल्या जातात. कारागीर त्या कोठें व कशा कापणार, हें विचारणारें गिऱ्हाईक विरळा. ओल्या कापणीसाठीं पाण्याकरितांच बनविलेली करवत हवी, साध्या विजेच्या करवतीवर पाणी ओतणें जिवावर बेतेल. बाकी लागतें तें एक नळी व थोडा अधिक वेळ. अंगणांत पांढरा चिखल होतो. तो ओला असतांनाच काढून टाकावा लागतो, कारण वाळला म्हणजे तीच धूळ पुन्हां उठते.