सावलीतले पीक



कॉफी म्हटली की आपल्याला कूर्ग आठवते. पण आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यालाही ती इंग्रजी अमदानीपासून होते. कॉफीच्या झुडपाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून मोठी झाडे राखून त्यांच्या सावलीत ते लावतात. तोडलेले झाड एकदाच पैसा देते. उभ्या झाडाची सावली दरसाल मिळते, पाचोळ्याचे खत होते, मुळे माती धरून ठेवतात आणि फळे खुडायला गावातल्या हातांना काम मिळते. मात्र खुडणाऱ्या बाईला पुरती मजुरी मिळाली, तरच ती गावाची भरभराट, असे मी मानते.

देवळालीत कॉफीचा हट्ट नको. पण परसातल्या आंब्याखाली हळद, आले लावता येते. झाडावर कुऱ्हाड घालण्यापूर्वी एवढा विचार करावा, ही माझी विनंती.